मक्याच्या कुट्टीतून साखर काढायची कशी? दुकानातल्या ट्रायकोडर्मापासून एन्झाईम, घरच्या घरी

आधीच सांगून ठेवतो, हे सगळं करून तुमच्या स्प्लेंडरच्या टाकीत ओतायला काही मिळणार नाही. मिळेल ते एवढंच की मक्याच्या वाळक्या धांड्यातून, ज्याला ढोरं पण फार हौसेने तोंड लावत नाहीत, त्यातून साखर सुटते हे तुम्हाला डोळ्यांनी दिसेल आणि ती सोडवणारं एन्झाईम तुम्ही स्वतः, ट्रायकोडर्मा नावाच्या बुरशीकडून, बनवून घेतलेलं असेल. पेट्रोलमध्ये आज २० टक्के इथेनॉल असतं ते आपल्याकडे बहुतेक ऊस, मका, तांदूळ यांच्यापासून येतं, म्हणजे पिकाच्या खायच्या भागापासून. काडीकचऱ्यापासून करतात त्याला टूजी, म्हणजे सेकंड जनरेशन, इथेनॉल म्हणतात, हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा असा प्लांट आहे, १० ऑगस्ट २०२२ ला उद्घाटन झालं, भाताच्या पेंढ्यावर चालतो आणि क्षमता रोजची १ लाख लिटर. तिथे जे मोठ्या टाक्यांमध्ये होतं त्यातलं मधलं काम, म्हणजे एन्झाईमने काडी फोडणं, हे आपण काचेच्या बाटलीत करणार आहोत. बीएस्सीच्या मायक्रोवाल्या पोरांना प्रोजेक्टला चालेल, अकरावी-बारावीला सर सोबत असतील तर चालेल, आणि ज्याला नुसतीच हौस आहे त्यालाही चालेल.

माल कोणता घ्यायचा

जळगाव जिल्ह्यात कोणालाही विचारा, पहिलं उत्तर केळी. रावेर, यावल, सावदा, फैजपूर, जिकडे बघाल तिकडे घड काढल्यावर उभे राहिलेले खांब, एवढा माल फुकट पडलाय तर ह्याचंच इथेनॉल करा ना! पण केळीच्या खांबात ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं, म्हणजे एक टन खांब ट्रॅक्टरमध्ये भरून आणला तर हातात १०० किलोपेक्षा कमीच कोरडा माल राहतो, बाकी तुम्ही पाणीच वाहून आणलं. फुटायला मात्र केळी सोपी, लिग्निन (काडीला कडक, लाकडासारखं करणारा पदार्थ) कमी असतं. ज्याचं घर बागेतच आहे त्याने जरूर करून बघावं, सोपटं बारीक कापून कडक उन्हात वाळवायची आणि मग पुढे सगळं मक्यासारखंच.

दुसरी कपाशीची पऱ्हाटी. बोंडअळीच्या भीतीने हल्ली फरदड न घेता लवकर उपटतात, बांधावर ढीग लागतात, निम्म्या चुलीत जातात नि निम्म्या तिथेच पेटवून देतात. पण पऱ्हाटी म्हणजे सरळ लाकूडच आहे हो, लिग्निन पाव हिस्स्याच्या आसपास, घरच्या साधनांनी ती उघडत नाही. तुराट्यांचं तेच. आणि दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा ह्या कामाला वापरायचा विचार पण करू नका, त्याचा भाव काय चाललाय बघा, घरातले म्हातारे शिव्या घालतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

म्हणून मका. रब्बीचा मका निघाला की धांडे, पाला, दाणे काढलेली कणसं, सगळं मुबलक असतं. त्यात सेल्युलोज साधारण ३५ ते ४० टक्के, हेमिसेल्युलोज २० ते २५, लिग्निन १५ ते २०. पहिल्यांदा करणाऱ्याने मक्यावरच करावं, हे माझं ठाम मत आहे. कुट्टी मशीनमधून काढलेली कुट्टी उन्हात कडकडीत वाळवा, मिक्सरमधून (जुन्या, घरच्यांना विचारून) काढा आणि रव्याच्या चाळणीने चाळा. जेवढी बारीक तेवढा पृष्ठभाग जास्त, एन्झाईमला शिरायला जागा जास्त.

एन्झाईम नेमकं करतं काय

भाकरी खूप वेळ चावली की गोड लागायला लागते ना, ते लाळेतलं अमायलेज स्टार्चच्या माळेतून साखर मोकळी करतं म्हणून. सेल्युलोज पण ग्लुकोजचीच माळ आहे, पण जोड वेगळ्या पद्धतीचा, स्टार्चमध्ये अल्फा आणि इथे बीटा, आणि ह्या बीटा जोडासाठी आपल्याकडे एन्झाईमच नाही. गायीकडे पण स्वतःचं नाही, तिच्या पोटातले जंतू ते काम करतात. वर सेल्युलोजच्या माळा एकमेकींना घट्ट चिकटून असतात, भोवती हेमिसेल्युलोज (ही झायलोजसारख्या दुसऱ्या साखरांची माळ) आणि सगळ्यावर लिग्निनचा लेप.

हे काम एकट्या एन्झाईमचं नाही, टोळी लागते. जाड दोरखंड उकलायचा असेल तर एकाने मधेच कुठेतरी कोयत्याने घाव घालायचा आणि नवीन टोकं तयार करायची, दुसऱ्याने त्या टोकांपासून धागा ओढत ओढत दोन-दोन पेराचे तुकडे पाडायचे, तिसऱ्याने त्या दोनाचे एक-एक करायचे, असं हे चालतं. पहिल्याचं नाव एन्डोग्लुकानेज. दुसरं सेलोबायोहायड्रोलेज, त्याने पाडलेल्या दोन ग्लुकोजच्या तुकड्याला सेलोबायोज म्हणतात. तिसरं बीटा-ग्लुकोसिडेज, जे सेलोबायोज तोडून सुटं ग्लुकोज देतं. हा तिसरा गडी कमी पडला की सेलोबायोज साचतं, आणि साचलेलं सेलोबायोज दुसऱ्याचंच काम रोखून धरतं. हे लक्षात ठेवा, पुढे तपासणीत ह्याचा पुरावा दिसणार आहे. हेमिसेल्युलोजसाठी झायलानेज वगैरे वेगळी मंडळी. आणि २०१० च्या सुमारास आणखी एका प्रकारचा उलगडा झाला, त्यांना एलपीएमओ म्हणतात, त्यांच्यात तांब्याचा अणू असतो आणि ते ऑक्सिडेशन करून सेल्युलोजच्या घट्ट भागावर चिरा पाडतात. आजच्या बाजारातल्या चांगल्या एन्झाईम मिश्रणात ते असतातच.

ही टोळी सगळ्यात जोरात कोण बनवतं तर ट्रायकोडर्मा रीझी नावाची बुरशी. तिची गोष्ट आपल्या कपाशीवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू नि कपडे भराभर कुजायला लागले, कोण खातंय म्हणून शोध घेतला तर ही बुरशी सापडली. कापसाचा धागा म्हणजे ९० टक्क्यांच्या वर सेल्युलोज, त्यामुळे जी तंबू खाते ती काडी पण खाणारच. क्यूएमसिक्सए हा तिचा मूळ वाण, एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स ह्यांनी अमेरिकेतल्या नेटिकच्या आर्मी लॅबमध्ये त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, रीझी हे नाव रीझ ह्यांच्यावरूनच पडलं. जगात आज विकलं जाणारं बरंचसं सेल्युलेज (सेल्युलोज फोडणाऱ्या ह्या टोळीचं एकत्र नाव) ह्याच बुरशीच्या सुधारलेल्या वाणांमधून येतं.

आता रीझी आपल्याला मिळणार नाही, पण तिची चुलत भावंडं कृषी सेवा केंद्रात फळीवर ठेवलेली असतात. ट्रायकोडर्मा विरिडी किंवा हार्जियानम. हरभऱ्याच्या मर रोगाला, बीजप्रक्रियेला जे वापरता तेच. सेल्युलेज रीझीपेक्षा कमी बनवतात पण आपल्या कामापुरतं भरपूर. घेताना पुडक्यावरची तारीख बघा, दुकानदाराने पत्र्याच्या गोडाऊनमध्ये उन्हाळाभर तापवलेलं पुडकं असेल तर आतली बुरशी मेलेली असू शकते, तारीख चांगली असली तरी.

बुरशी वाढवणं

वेळ निवडा. ह्या बुरशीला २८ ते ३० अंश आवडतं. मे महिन्यात आपल्याकडे भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ही रुसून बसते, आणि डिसेंबरच्या रात्री पण तिला थंड पडतात. ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी हा बेस्ट टाइम.

काचेची रुंद तोंडाची बाटली घ्या, अर्ध्या लिटरच्या आसपासची. एकच नको, दोन-तीन घ्या, एखादी खराब होतेच. तीनही मिळून ३० ग्रॅम मक्याची भुकटी, २० ग्रॅम गव्हाचा कोंडा, चिमूटभर अमोनियम सल्फेट आणि ६० ते ७० मिली पाणी, हाताने नीट कालवा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे पण बोटांतून पाणी गळायला नको. पाणी जास्त झालं की हवा जात नाही आणि जंतू माजतात. बाटली पाव भरायची, तोंडाला कापसाचा घट्ट बोळा (ह्यासाठी तरी कापूस विकत आणू नका), वर फॉइल, आणि कुकरमध्ये उभी ठेवून पहिली शिट्टी झाली की बारीक गॅसवर ३० ते ४० मिनिटं. कुकरमध्ये साधारण १२१ अंशांपर्यंत जातं, कोंड्यातले बाकीचे जंतू त्याने मरतात. रात्रभर तशीच गार होऊ द्या, उघडून बघायची घाई नको.

दुसऱ्या दिवशी उकळून गार केलेल्या १० मिली पाण्यात अर्धा चमचा ट्रायकोडर्मा पावडर, हलवून बाटल्यांमध्ये वाटून टाका, बोळा परत लावा, हलवा, सावलीत ठेवा.

आता गुळाचं. आपल्याकडे ट्रायकोडर्मा म्हटलं की ड्रम, दोन किलो गूळ आणि काठी, हे डोक्यात इतकं बसलंय की प्रत्येक जण विचारतो गूळ किती टाकू. इथे गूळ अजिबात टाकायचा नाही. गुळाने बुरशी वाढते जोरात, जमिनीत सोडायला ते ठीक आहे, पण आयती साखर समोर असली की ती सेल्युलेज बनवणारी जीन्स बंद करून ठेवते. तिला गरज पडली तरच ती एन्झाईम बनवेल. म्हणून काडी आणि कोंडा. कारखान्यात तर उलट लॅक्टोज देतात, त्याने सेल्युलेजचं बटन चालू होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरं जाळं दिसेल, तेव्हा बाटली आपटून गठ्ठे मोकळे करा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हिरवं व्हायला लागतं, आधी कडेने, मग सगळीकडे गडद हिरवं. विरिडी असेल तर बोळ्याजवळ खोबऱ्यासारखा वास येतो, एकदा तो वास ओळखला की परत चुकत नाही. सहा-सात दिवसांत काम तयार. काळी भुकटी दिसली, गुलाबी-नारिंगी फुगवटा आला, किंवा पिवळसर-पोपटी रंग दिसला तर ती बाटली उघडायची नाही. मक्यावर पिवळट-हिरवी येणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस असू शकते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवते. न उघडता कुकरमध्ये तासभर शिजवा आणि फेकून द्या. चांगली बाटली उघडताना पण मास्क लावा, हिरवी धूळ नाकात गेली तर दम्यावाल्यांना त्रास होतो, आणि स्वयंपाकघरात तर उघडूच नका.

एन्झाईम काढणं

पाणी घालून धुऊन काढायचं, बस. पण पाण्याचा पीएच ४.८ ते ५ लागतो. अर्धा लिटर पाण्यात ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं) विरघळवा आणि खायचा सोडा थोडा थोडा टाकत जा, फसफसेल, ३ ते ४ ग्रॅमच्या आसपास पीएच पेपर ५ दाखवायला लागेल. हे तुमचं सायट्रेट बफर, म्हणजे पीएच टिकवून धरणारं पाणी, झालं, लॅबमधलं ह्याहून फार वेगळं नसतं.

बुरशीचा माल त्यात टाका, तासभर अधूनमधून हलवत ठेवा, चौपदरी मलमलच्या फडक्यातून पिळा आणि मग फिल्टर पेपरमधून गाळा. फिल्टर होताना जीव जातो, थेंब थेंब पडतं, सकाळी लावून शेतात जाऊन या. खाली जमतं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, त्यात एन्झाईम आहे. फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर घरातलं कोणीतरी पिऊन बसेल, आणि तीन-चार दिवसांत वापरा.

ताकद बघायची सोपी रीत: फिल्टर पेपरची १ बाय ६ सेंटीमीटरची पट्टी ५ मिली एन्झाईममध्ये बुडवून ५० अंशावर रात्रभर. कडा फुसफुशीत झाल्या, हलवल्यावर पापुद्रे सुटले तर एन्झाईम जिवंत आहे. ही पट्टी मी हवेतून आणलेली नाही, जगभर सेल्युलेजची ताकद फिल्टर पेपर युनिटमध्येच मोजतात, व्हॉटमन नंबर १ ची ५० मिलिग्रॅमची एवढीच पट्टी, ५० अंश, एक तास, आणि सुटलेली साखर डीएनएस पद्धतीने (रंगाच्या गडदपणावरून साखर मोजायची रीत) मोजायची. कॉलेजमध्ये कलरीमीटर असेल तर ५४० नॅनोमीटरला तुम्ही पण मोजा.

काडी उघडणं, खरी मेहनत इथे

लोक एन्झाईमच्या मागे लागतात पण निम्मी लढाई ह्याच्या आधीची आहे. बंद काडीवर कितीही महागडं एन्झाईम ओता, लिग्निनच्या लेपावर ते नुसतं चिकटून बसतं आणि वाया जातं. पानिपतसारख्या प्लांटमध्ये ॲसिड, वाफ, दाब असा सगळा भारी प्रकार असतो. लॅबमध्ये कॉस्टिक सोडा वापरतात, तो घरी नको, डोळ्यात गेला तर डोळा जातो. आपण पानाच्या टपरीवरचा चुना वापरणार. हा जुगाड नाहीये, चुन्याने बायोमास उघडण्यावर व्यवस्थित संशोधन झालेलं आहे आणि प्रमाण पण तेच घ्यायचं, कोरड्या मालाच्या दहावा हिस्सा.

२० ग्रॅम मक्याची भुकटी, २ ग्रॅम कोरडा चुना (ओला असेल तर थोडा जास्त), २०० मिली पाणी, स्टीलच्या डब्यात. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये थेट टाकू नका, अल्कली ॲल्युमिनियम खाते. डबा कुकरमध्ये ठेवा, खाली पाणी, तासभर शिजवा. हाताला रबरी मोजे, डोळ्याला चष्मा, चुना पण भाजतो.

उघडल्यावर वास ओल्या कडब्याचा आणि पाणी असं गडद तपकिरी की बघतच राहाल. तो रंग म्हणजे सुटून आलेल्या लिग्निनचा भाग. हेमिसेल्युलोजला चिकटलेले ॲसिटिल गट पण चुन्याने निघून जातात, त्यामुळे एन्झाईमला वाट मोकळी होते. फडक्यात घालून धुवा, पिळा, परत धुवा, पाणी जवळपास स्वच्छ येईपर्यंत. माझं हे ओट्याखाली नळावर चाललेलं असताना शेजारचे आप्पा कंपाउंडवरून डोकावून म्हणाले, "हाई काय शे रे भाऊ?" आणि ते तपकिरी पाणी बघून त्यांना वाटलं मी काढा करतोय, गुडघ्यासाठी अर्धा लिटर मागत होते. शेवटच्या धुण्यात थोडं लिंबूसत्व टाकून पीएच ५ वर आणा. चुन्याचा अंश राहिला तर एन्झाईमचं पीएच बिघडतं आणि मग दोन दिवस वाट बघून काहीच नाही.

एक गोष्ट फार जण चुकतात: हा धुतलेला माल परत वाळवू नका. वाळला की आत उघडलेली बारीक छिद्रं मिटतात आणि केलेली मेहनत बरीचशी परत जाते. ओलाच फ्रिजमध्ये ठेवा. मग वजन कसं धरायचं? त्यातला ५ ग्रॅम वेगळा काढून उन्हात कोरडा करा, राहील त्यावरून हिशोब काढा. घट्ट पिळलेला असेल तर साधारण ४-५ ग्रॅम ओल्यात १ ग्रॅम कोरडा निघतो.

चार बाटल्या

एकच बाटली लावून साखर आली म्हणून नाचणारे खूप बघितलेत. चार लागतात. अ मध्ये चुन्याने उघडलेला माल १ ग्रॅम (कोरड्या हिशोबाने) आणि एन्झाईम २० मिली. ब मध्ये न उघडलेली साधी भुकटी १ ग्रॅम आणि एन्झाईम तेवढंच. क मध्ये उघडलेला माल, पण एन्झाईम आधी दहा मिनिटं उकळून मारलेलं. आणि ड मध्ये नुसतं एन्झाईम, काडीच नाही. ड सगळ्यात महत्त्वाची, कारण कोंड्यातली थोडी साखर एन्झाईमच्या पाण्यात आधीच उतरलेली असते, ती तपासणीत दिसते आणि माणूस फसतो. प्रदर्शनात परीक्षकाने हाच प्रश्न विचारला आणि तुमच्याकडे ड नसेल तर संपलं.

तापमान ५० अंश. ह्याच्यासाठी इनक्युबेटर लागतोच असं नाही, मोठ्या तोंडाचा थर्मास घ्या, त्यात ५२-५३ अंशाचं पाणी, बाटल्या बुडवून झाकण, आणि चार-पाच तासांनी थर्मामीटर बघून पाणी बदला. ६० च्या वर जाऊ देऊ नका, ह्या बुरशीचं एन्झाईम त्याच्या वर लवकर दम तोडतं. आणि ४० च्या खाली घसरू पण देऊ नका, एक तर वेग कमी होतो, दुसरं म्हणजे गाळताना निसटलेले बुरशीचे कण जागे होऊन तयार झालेली साखर खाऊन टाकतात. ५० अंशाला ते वाढत नाहीत. लॅबमध्ये ह्यासाठी सोडियम अझाइड टाकतात, ते जहाल विष आहे, घरी आणायचंच नाही.

२४ तासांनी एकदा आणि ४८ तासांनी एकदा वरचं पाणी तपासा. सुरुवातीला साखर भराभर सुटते मग रेंगाळते, कारण सोपा भाग आधी संपतो आणि साचलेली साखरच एन्झाईमला अडवते.

तपासणी

बेनेडिक्ट सोल्यूशन सायन्सच्या दुकानात मिळतं. टेस्ट ट्यूबमध्ये ५ मिली बेनेडिक्ट, ८ थेंब तुमचं पाणी, उकळत्या पाण्यात ५ मिनिटं. निळं राहिलं तर साखर नाही, मग हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी अशी चढती भाजणी. चारही ट्यूब शेजारी शेजारी ठेवा. सगळं जमलं असेल तर अ नारिंगीकडे किंवा त्याच्याही पुढे, ब हिरवट-पिवळी, आणि क आणि ड सगळ्यात मागे आणि जवळपास एकसारख्या. अ आणि ब मधला फरक म्हणजे चुन्याचं काम, अ आणि क मधला फरक म्हणजे एन्झाईमचं काम. क ही ड पेक्षा खूप पुढे गेली असेल तर माल नीट धुतला नव्हता किंवा एन्झाईम पूर्ण मेलं नव्हतं.

घरात शुगरवाल्याचं ग्लुकोमीटर असेल तर अजून मजा. ते रक्तासाठी बनवलेलं आहे त्यामुळे आकडा खरा धरू नका, फक्त बाटल्यांची आपसात तुलना करा, आणि काही स्ट्रिप्स झायलोजला पण फसतात. हिशोब असा: २० मिलीत १ ग्रॅम माल, त्यात सेल्युलोज ४० टक्के धरलं तर सगळं फुटल्यावर (पाणी जोडलं जातं म्हणून १ ग्रॅम सेल्युलोजचं १.११ ग्रॅम ग्लुकोज) साधारण २२०० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर होईल. मीटर ६०० च्या आसपास हाय दाखवून हात वर करतं. म्हणून एका भागात चार भाग पाणी घालून (एकूण पाच पट करून) मोजा आणि पाचने गुणा. गुणून ५५० आला तरी पाव सेल्युलोज फुटलं, घरच्या एन्झाईमला तेवढं म्हणजे झकास.

आणि कधी कधी बेनेडिक्ट छान नारिंगी, पण ग्लुकोमीटर मात्र अगदीच कमी. मशीन बिघडलं म्हणून फेकू नका. बेनेडिक्टला ग्लुकोज, झायलोज, सेलोबायोज सगळंच दिसतं, मीटरला मुख्यतः ग्लुकोज. म्हणजे तुमच्या टोळीतला तिसरा गडी, बीटा-ग्लुकोसिडेज, कमी पडतोय. ट्रायकोडर्माचा हा जुनाच दोष आहे, उद्योगात त्यासाठी ॲस्परजिलसचं बीटा-ग्लुकोसिडेज वरून घालत आलेत किंवा बुरशीतच जीन बसवतात. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हा एक मुद्दा नीट लिहिला तरी मार्क पडतात.

पुढे फुगा

साखरेपर्यंत आलात तर यीस्ट पण लावून बघा. अ सारखं मोठं बॅच करा, १०० मिली तरी, गाळून ३० अंशापर्यंत गार करा आणि बेकरीचं कोरडं यीस्ट चिमूटभर, बाटलीच्या तोंडाला फुगा. शेजारी नुसतं बफर आणि यीस्टची दुसरी बाटली तुलनेला. फुगा टम्म होईल ही अपेक्षा ठेवू नका. अर्धा टक्का साखर असेल तर १०० मिलीत अर्धा ग्रॅम, त्याचा कार्बन डायऑक्साइड फार तर १३५ मिली आणि त्यातला निम्मा पाण्यातच विरून राहतो. फुगा जरा उभा राहिला तरी जिंकलात. नळी लावून पाण्यात बुडबुडे मोजलेले जास्त चांगले दिसतात. १ ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ०.५१ ग्रॅम इथेनॉल निघू शकतं, आणि झायलोज हे साधं बेकरीचं यीस्ट खातच नाही, म्हणजे मक्यातला हेमिसेल्युलोजचा सगळा हिस्सा तसाच राहतो. टूजी इथेनॉल महाग पडण्याचं हे एक कारण, दुसरं एन्झाईमचा खर्च, आणि तिसरं, जे आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल, शेतातला हलका फुगीर माल गोळा करून बांधून प्लांटपर्यंत नेणं.

इथेच थांबा. पुढे उकळून अर्क काढायचा नाही, विनापरवाना दारू गाळणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली गुन्हा आहे, तुम्ही सायन्स प्रोजेक्ट म्हणालात म्हणून कोणी ऐकून घेणार नाही. आणि ते पाणी पिऊन पण बघायचं नाही, त्यात बुरशीचं काय काय उतरलंय कोणी तपासलेलं नसतं.

आवरताना सगळ्या बाटल्या बोळ्यासकट कुकरमध्ये अर्धा तास शिजवा मगच धुवा. चुन्याचं तपकिरी पाणी लिंबूसत्व टाकून पीएच ७ च्या जवळ आणा आणि मग मोरीत सोडा, झाडाच्या बुडाशी नको. बेनेडिक्टमध्ये तांबं असतं, ते वेगळ्या बाटलीत जमवून कॉलेजच्या लॅबला द्या. आणि हिरवी झालेली एखादी चांगली बाटली उरली असेल तर ती न शिजवता शेणखताच्या ओल्या ढिगात मिसळून टाका, हरभरा पेरायच्या आधी ते खत सरीत गेलं तर अजून बरं.